प्लग फेकू नका गुरुजी, आधी कागदावर मांडा

चाळीसगाव तालुक्यातल्या एका शिक्षकांचं पत्र आलंय, गाडीच्या स्पार्क प्लगबद्दल, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल ठिणगीने पेटवणाऱ्या प्लगबद्दल. कामाचा मजकूर आधी देतो.

‘माझी गाडी २०१२ची, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची. शाळा घरापासून पाच किलोमीटर. दिवाळीपासून सकाळी गाडी मिसिंग मारते, झटके देते, पिकअप नाही. ॲव्हरेज सोळावरून अकरावर आलं. मिस्त्रीने प्लग काढून दाखवले. चारही काळे, तिसरा जरा ओलसर. नवे टाकले. दीड महिन्यात पुन्हा तेच, पुन्हा नवे टाकले. आता तो म्हणतो तिसरा सेट घ्या, नाहीतर गरम नंबरचे प्लग टाकू. छत्रपती संभाजीनगरला बहिणीकडे जाऊन आलो की चार दिवस गाडी झकास चालते. मात्र परवा कन्नड घाट उतरून आलो तेव्हा मागच्या गाडीवाल्याने हॉर्न देऊन धूर दाखवला. रोज सकाळी गुरं सोडायची असतात म्हणून गाडी आधी शेडमधून अंगणात काढून ठेवतो, मग आंघोळ उरकून निघतो. मे महिन्यात गाडी तापायची, तेव्हा याच मिस्त्रीने इंजिनातला एक व्हॉल्व्ह काढून टाकला. तेव्हापासून तापणं मात्र बंद आहे. घरचे म्हणतात विकून टाका. प्लग कोणत्या कंपनीचे टाकू?’

गुरुजी, नमस्कार.

गाडी विकू नका आणि तिसरा सेटही आत्ता घेऊ नका. कंपनीचं म्हणाल तर गाडीच्या पुस्तकात जो नंबर दिलाय तो प्लग खरा मिळाला की झालं, कंपनी कुठलीही असो. तुमचा त्रास प्लगमध्ये नाही. प्लग काळे होतात ते दुसरीकडच्या कशाने तरी, आणि ते कशाने हे बरंचसं तुमच्या पत्रातच आहे. गाडी अंगणात काढण्याची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण माझी नजर आधी तिच्यावरच गेली.

जुने प्लग मिस्त्रीकडून मागून घ्या, फेकू देऊ नका. आता गाडीत आहेत तेही काढून बघायचे आहेत. इंजिन गार असताना, म्हणजे सकाळी सुरू करण्याआधी, प्लगवरची कॉइल, म्हणजे त्याला वीज देणारा भाग, काढा. प्लगच्या खड्ड्यात हवा मारून धूळ उडवा, नाहीतर प्लग निघाल्यावर तीच माती सिलिंडरमध्ये पडते. मग एकेक प्लग काढून जुन्या वर्तमानपत्रावर १, २, ३, ४ असे आकडे घालून त्याच क्रमाने मांडा. हा क्रम फार महत्त्वाचा. गॅरेजात चारही प्लग एका डब्यात टाकतात आणि तिथेच निम्मी माहिती जाते.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून सांगतो. वर्गातल्या सगळ्या मुलांच्या वहीत एकच चूक निघाली तर तुम्ही मुलांना रागवत नाही, फळ्यावर काय लिहिलं होतं ते बघता. एकाच मुलाची चूक वेगळी असेल तर त्याला जवळ बोलावता. प्लगही असेच तपासायचे. चारही सारखे काळे असतील तर कारण चौघांना सामाईक आहे: हवा, पेट्रोल, इंजिनाची उष्णता. एकच वेगळा असेल तर त्या एका सिलिंडरचं दुखणं आहे. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय. चारही काळे, त्यात तिसरा ओला. म्हणजे दोन दुखणी आहेत, आणि दोन्ही एका औषधाने जाणार नाहीत.

आता काळा म्हणजे कसा काळा, ते बोटाने ठरवा. कोरडी, मखमलीसारखी काजळी असेल, चुलीवरच्या तव्याच्या बुडाला असते तशी बोटाला लागत असेल, तर ते अर्धवट जळलेलं पेट्रोल. पेट्रोल जास्त जातंय, किंवा इंजिन गार चालतंय, किंवा ठिणगी दुबळी आहे. काळा रंग चकचकीत, चिकट, बैलगाडीच्या आसाला लावलेल्या वंगणासारखा असेल तर ते इंजिन ऑइल. नुसता ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर त्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नाही. ओला म्हणजे पेट्रोलने की ऑइलने, अशी शंका आली तर प्लग वर्तमानपत्रासकट उन्हात ठेवा. पेट्रोलचा डाग थोड्या वेळात उडून जातो, ऑइलचा डाग कागदावर पसरतो आणि तसाच राहतो. तिसऱ्या प्लगला हे नक्की करा.

चांगला प्लग कसा दिसतो तेही माहीत असू द्या. आतल्या पांढऱ्या चिनी मातीच्या नाकावर फिकट बदामी किंवा राखाडी रंग, बस. नाक पांढरंफटक, त्यावर फोड आल्यासारखं दिसलं तर प्लग जास्त तापतोय. आणखी एका गोष्टीने लोक उगाच घाबरतात. वरच्या बाजूला, चिनी माती लोखंडी अंगात शिरते तिथे तपकिरी कडं दिसतं. तिथून गॅस गळतोय असं सांगून प्लग बदलायला लावणारे भेटतात. तो डाग विजेच्या ताणाने तिथे चिकटलेल्या तेलकट धुळीचा असतो, त्याने काही बिघडत नाही. उभी, केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर मात्र ठिणगी बाहेरून पळते आहे. तो प्लग बदला आणि वरचं रबरही बघा.

काजळीने गाडी मिसिंग का मारते, हे नीट समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. कॉइल पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब तयार करते. त्या दाबाने मधल्या टोकापासून बाजूच्या टोकापर्यंत, जेमतेम एक मिलिमीटरच्या फटीत, ठिणगी उडायला हवी. पण चिनी मातीवर काजळीचा थर बसला की वीज उडी मारण्याच्या भानगडीत पडतच नाही, काजळीवरून सरपटत लोखंडी अंगात उतरते. ठिणगी नाही, म्हणून पेट्रोल जळत नाही, म्हणून अजून काजळी. तुमच्याकडे मल्टिमीटर असेल तर प्लगचं वरचं टोक आणि लोखंडी अंग यांच्यामध्ये रोध मोजा. चांगल्या प्लगला मीटर काहीच दाखवत नाही. दहा मेगाओमच्या खालचा आकडा दिसला की वीज झिरपते आहे असं समजा.

ही काजळी प्लग स्वतःच जाळून टाकतो, मात्र त्याचं नाक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं तरच. ८५०च्या पुढे गेलं तर उलटं संकट, ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटायला लागतं. या दोन आकड्यांच्या मध्ये प्लगला राहायला मिळालं तर वर्षानुवर्षं तो स्वच्छ राहतो. तुम्ही संभाजीनगरला जाता तेव्हा कन्नड घाट चढताना इंजिन चांगलं तापतं, नाकावरची काजळी जळते, आणि म्हणून पुढचे चार दिवस गाडी झकास चालते. पाचव्या दिवशी पुन्हा तीच रड. याचा अर्थ काय? गाडीला पुरेसं तापायला मिळत नाहीये.

का मिळत नाही? एक कारण ते अंगण. गार इंजिन सुरू करताना गाडीतला कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, पूर्वी आपण फियाटचा चोक ओढायचो तसंच. गाडी शेडमधून वीस फूट पुढे आली, बंद झाली. ते जास्तीचं पेट्रोल अर्धवट जळून प्लगवर बसलं. तासाभराने पुन्हा गार इंजिन सुरू, पुन्हा चोक. मग पाच किलोमीटर, इंजिन कोमट होतंय तोवर शाळा आली. प्लग काळे करायचेच असं ठरवून कोणी बसला असता तरी याहून चांगली रीत त्याला सापडली नसती. गुरं आधी सोडा किंवा गाडी रात्रीच अंगणात लावा. सुरू केली की किमान शाळेपर्यंत बंद करू नका, आणि आठवड्यातून एकदा तरी तीस-चाळीस किलोमीटर सलग चालवा.

दुसरं कारण मोठं आहे. मे महिन्यात काढून टाकलेला तो ‘व्हॉल्व्ह’. माझी जवळजवळ खात्री आहे की तो थर्मोस्टॅट होता.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली झडप. आत मेण असतं. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास तापलं की मेण फुगतं, झडप उघडते, पाणी रेडिएटरकडे जातं. तोवर झडप मिटलेली, म्हणजे इंजिन लवकर गरम व्हावं. ही झडप काढली की पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमध्ये फिरतं आणि रोजच्या छोट्या फेरीत इंजिन पुरेसं तापतच नाही. पाणी गार आहे असं सेन्सर सांगतो, आणि कॉम्प्युटर बिचारा प्रामाणिकपणे जास्त पेट्रोल सोडत राहतो. तुमची गाडी दिवाळीपासून चोक ओढूनच चालली आहे, गुरुजी. सोळाचं ॲव्हरेज अकरावर आलं ते त्यामुळेच. उन्हाळ्यात हे कळलं नाही, कारण भुसावळ-जळगावकडचा ४५ अंशांचा उन्हाळा गाडीला बाहेरूनच गरम ठेवतो. धुळ्या-चाळीसगावकडे थंडीत सकाळचा पारा दहाच्या खाली उतरला की उघडं पडतं.

तुमच्या मिस्त्रीला मी दोष देणार नाही. मी स्वतः हे केलं आहे, एकदा नाही, कित्येकदा. आपल्याकडे मे महिन्यात तापलेली गाडी घेऊन माणूस दारात उभा असतो, लग्नाला जायचं असतं, आत बायकापोरं घामाने भिजलेली. थर्मोस्टॅट काढून फेकला की दहा मिनिटांत गाडी रस्त्याला. ‘आते गाडी तापस नही, भाऊ,’ असं तोच माणूस चार दिवसांनी येऊन खुशीत सांगतो. दूध घालणाऱ्या एका आबांच्या व्हॅनचा थर्मोस्टॅट मी असाच काढला होता. त्या हिवाळ्यात त्यांनी माझ्याकडे चार वेळा प्लग बदलले. दर वेळी ते रुमालाची गाठ सोडून पैसे मोजायचे आणि मी नवे प्लग लावून द्यायचो. त्यांनी कधी तक्रार केली नाही. थर्मोस्टॅट आणि काळे प्लग यांचा संबंध मला फार उशिरा कळला. तेव्हापासून काळा प्लग हातात आला की माझा पहिला प्रश्न असतो, ‘उन्हाळ्यात इंजिनातून काही काढलं होतं का?’

खात्री करणं सोपं आहे. सकाळी गार इंजिन सुरू करा आणि रेडिएटरला वरून येणाऱ्या जाड होजवर हात ठेवा. पंख्यापासून ओढणी-उपरणं लांब ठेवा, तो केव्हाही फिरायला लागतो. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट ठीक असेल तर हा होज काही मिनिटं गारच राहतो आणि मग एकदम गरम होतो. झडप उघडल्याचं तुम्हाला हाताला कळतं. सुरुवातीपासूनच होज हळूहळू कोमट होत गेला तर आत झडप नाही, किंवा उघडी अडकली आहे. रेडिएटरचं झाकण मात्र गरम इंजिनावर चुकूनही उघडू नका.

नवा थर्मोस्टॅट बसवाच, पण त्याआधी गाडी मे महिन्यात का तापत होती ते शोधा, नाहीतर पुढच्या मे महिन्यात तुम्ही पुन्हा तिथेच उभे. कदाचित जुना थर्मोस्टॅटच बंद अडकला असेल, मग प्रश्नच मिटला. तो मिस्त्रीकडे पडला असेल तर पातेल्यात पाण्यात टाकून उकळून बघा, उघडतो की नाही ते डोळ्यांनी दिसेल. नाहीतर रेडिएटर बघा. आपल्याकडे कापसाचा हंगाम आला की रस्त्यावर तंतू उडतात, ते आणि शेतातली धूळ मिळून रेडिएटरच्या जाळीवर गोधडीसारखा थर बसतो. आतूनही बघा. बोअरचं पाणी ओतत आला असाल तर क्षार साचलेले असणार, हंड्याच्या बुडाला साचतात तसे. साफ करून घ्या आणि पुढे डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळूनच भरा. पंखा वेळेवर लागतो का तेही तपासा.

एअर फिल्टरही काढून उजेडासमोर धरा. पलीकडून उजेड दिसत नसेल तर बदला. शेतरस्त्यावरच्या गाडीला पुस्तकातला बदलायचा हिशेब लागू पडत नाही, त्याच्या निम्म्यातच बदलावा लागतो. एवढं करूनही चारही प्लग काळे राहिले, तर स्कॅनर लावून पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर आणि इंजेक्टर यांच्याकडे वळा. हल्ली सगळं खापर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर फुटतं. त्याच्या बाकीच्या तक्रारी असतील, पण काजळी त्याने होत नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण उलट पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं.

आता तिसरा प्लग. घाट उतरून आल्यावर धूर दिसला, हे वाक्य तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. धुराचा रंग लिहिला असता तर अजून बरं झालं असतं. निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल. मला तो निळा वाटतो. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढून गाडी गिअरमध्ये उतरते तेव्हा सिलिंडरच्या तोंडाशी जोराची ओढ तयार होते. व्हॉल्व्ह सील, म्हणजे दांडीवर ऑइल अडवणारं रबर, कडक झालं असेल तर त्या ओढीने ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून आत झिरपतं. खाली येऊन ॲक्सिलरेटर दाबला की ते एकदम जळतं आणि निळा लोट निघतो. चढावर, जोर देताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगांचा संशय. म्हणजे कन्नड घाट तुमच्यासाठी फुकटची तपासणी आहे: चढताना काय होतं आणि उतरल्यावर काय होतं, दोन्ही बघा.

हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. पहिली, तिसरी कॉइल पहिल्या जागी आणि पहिली तिसऱ्या जागी लावा, प्लगचीही तशीच अदलाबदल करा, पण दोन्ही एकदम नाही, एकेक करून. मिसिंग कॉइलबरोबर गेलं तर कॉइल खराब, तिसऱ्यातच राहिलं तर दुखणं आत आहे. दुसरी, चारही सिलिंडरचं कम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजायला सांगा. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. तिसऱ्याचा फार कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. कम्प्रेशन चारही ठिकाणी सारखं असेल आणि प्लग तरी तेलकट, तर व्हॉल्व्ह सीलचं काम, संपूर्ण इंजिनाचं नाही. ‘इंजिन बांधावं लागेल’ असं कोणी म्हणालं तर आधी हे आकडे कागदावर लिहून मागा. एक साधी शक्यताही बघा: ऑइल प्लगच्या फक्त बाहेरच्या अंगाला, खड्ड्यात साचलेलं असेल आणि टोक कोरडं असेल, तर टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, त्याखालची सीलं गेली आहेत. ते काम छोटं आहे.

गरम नंबरच्या प्लगला नाही म्हणा. गरम प्लगचं नाक लांब असतं, उष्णता धरून ठेवतं, म्हणून गार इंजिनात काजळी कमी बसेल हे खरं. पण थर्मोस्टॅट बसवल्यावर, पुढच्या मे महिन्यात, भरल्या गाडीने घाट चढताना तोच प्लग ८५०च्या पुढे जाऊ शकतो आणि पिस्टनला भोक पडू शकतं. शिवाय या नंबरांत गफलत होते. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं. मिस्त्री एका कंपनीच्या हिशेबाने दुसऱ्या कंपनीचा प्लग देऊन बसला तर कुणालाच पत्ता लागत नाही.

जुने प्लग तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासू नका. तारेचा धातू चिनी मातीवर रेघा सोडतो आणि काजळीऐवजी त्यावरून वीज पळते. पेट्रोल आणि जुना मऊ ब्रश पुरे, मग पूर्ण वाळवा. टोकाला इरिडियम धातू असलेले असतील तर टोकाला हातच लावू नका, दोन टोकांमधली फटही वाकवून बदलू नका. तुमच्या आधीच्या दोन सेटपैकी निम्मे तरी असे धुऊन अजून चालतील असा माझा अंदाज आहे.

ऑइलची कांडीही आज काढून बघा. पातळी वर चढलेली दिसली आणि वास पेट्रोलचा आला, तर न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरलंय. असं पातळ ऑइल इंजिन झिजवतं, तेव्हा तारखेची वाट न बघता बदला. आणि इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागला तर गॅरेज गाठा, पण लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घेऊन थांबवा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि तो वितळतो. तो खर्च प्लगच्या कितीतरी पट आहे.

प्लग परत बसवताना पाना शेवटी. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे पटकन मरतात. आधी नुसत्या एक्स्टेन्शनने, हाताने फिरवा. अडला तर उलटा काढून पुन्हा लावा. वॉशर टेकला की नवा प्लग पान्याने अर्धा फेरा, वापरलेला असेल तर अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याने एक तास सरकावं तेवढा.

क्रम असा ठेवा: अंगणातली सवय आजपासून, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर या आठवड्यात, मग धुतलेले प्लग लावून हजारभर किलोमीटर चालवा आणि पुन्हा वर्तमानपत्रावर मांडा. १, २ आणि ४ बदामी झाले आणि ३ तेलकट राहिला तर व्हॉल्व्ह सीलचं बघू. पुढच्या वेळी बहिणीकडून परत येताना मागच्या सीटवर कुणाला तरी काचेकडे तोंड करून बसवा. घाट संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबाल तेव्हा धूर कोणत्या रंगाचा होता आणि किती सेकंद टिकला, ते मला लिहून पाठवा.